‘गॅस’, ‘चार्जिंग’ आणि हिवाळा : एका वाहनबदलाची मीमांसा

अमेरिकेत भाड्याची मोटार चालविणारा एखादा मनुष्य ‘हिवाळ्यापुरती विजेची गाडी सोडून गॅसची घेतली’ असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्यातील प्रत्येक पद मराठीत सहज उतरते. अर्थ मात्र तितक्या सहज उतरत नाही. तेथील ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. ‘गॅसोलीन’ ह्या शब्दाचे ते लघुरूप होय. मराठी घरात ‘गॅस’ म्हणजे स्वयंपाकाचे सिलिंडर किंवा खुद्द शेगडी, आणि रिक्षा-टॅक्सीच्या व्यवहारात ‘गॅस’ म्हणजे सीएनजी, अर्थात दाबाखाली साठविलेला नैसर्गिक वायू. ‘हिवाळा’ ह्या पदाची गतीही तीच आहे. ह्या दोन पदांचा अर्थ पालटला की वाक्यात गृहीत धरलेले कारणही पालटते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. आचार्य विनोबा भावे यांचे जन्मग्राम (११ सप्टेंबर १८९५) म्हणून हे गाव सर्वपरिचित आहे.

प्रथम शीत प्रदेशातील कारण पाहावे. विजेच्या मोटारीतील लिथियमच्या विद्युत्घटात वीज साठविणे व सोडणे ही क्रिया आयनांच्या हालचालीवर अवलंबून असते. तापमान उतरले की घटातील द्राव दाट होतो, आयनांची गती मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. घट गोठणबिंदूखाली गार असताना वेगाने वीज भरल्यास लिथियम धातूचा थर ऋणाग्रावर साचून घटाची कायमची हानी होण्याचा संभव असतो. म्हणून गाडीतील नियंत्रकयंत्रणा भरण्याचा वेग आपोआप कमी करते. याहून मोठे कारण प्रवाशांच्या उबेचे आहे. पेट्रोलच्या एंजिनात इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते व त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर गाडीचा आतला भाग उबदार राहतो. विजेच्या गाडीत असा उष्णतेचा उरवळा फारच थोडा. ऊब निर्माण करावयाची ती घटातील वीज खर्चूनच.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतून हा भेद स्पष्ट होतो. उणे ७ अंश सेल्सिअसच्या सुमारास केवळ थंडीमुळे गाड्यांचा पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. आतील उष्णक चालू ठेवताच ती घट ४१ टक्क्यांवर गेली. जानेवारी २०२४ मध्ये शिकागो येथे कडाक्याच्या थंडीत वीजभरण केंद्रांवर मोटारींच्या रांगा लागल्या, त्या याच दोन कारणांच्या संयोगाने : पल्ला आखूड झाला आणि भरण्यास लागणारा वेळ वाढला. पेट्रोलची गाडीही थंडीत अधिक इंधन खाते. परंतु टाकी काही मिनिटांत भरत असल्यामुळे चालकाला तो तोटा पैशात भरावा लागतो, वेळेत नव्हे.

तथापि थंडी हेच एकमेव कारण मानणे चुकीचे ठरेल. नॉर्वेसारख्या अतिशीत देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी विजेच्या होत्या. घरोघरी रात्री वीज भरण्याची सोय आणि रस्त्यांवर पुरेशी केंद्रे असली, तर थंडीचा तोटा सोसवतो. म्हणजे तापमान हे कारणाचे एक अंग झाले. दुसरे अंग वेळेचे आहे. कोकणात पहिले अंग जवळजवळ लोप पावते आणि दुसरे तेवढे उरते.

पेण परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सुखद गारव्याच्या असतात. गोठणबिंदूचा येथे प्रश्नच नाही. वर उल्लेखिलेल्या चाचण्यांत ३५ अंश सेल्सिअसला वातानुकूलन चालू असता पल्ला १७ टक्क्यांनी घटला होता. त्यावरून पाहता विद्युत्घटाच्या दृष्टीने कोकणचा हिवाळा वर्षातील सर्वांत अनुकूल काळ होय. प्रतिकूल काळ म्हणावयाचा तर तो पावसाळ्याच्या तोंडाचा. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती.

मग येथील चालकाने हिवाळ्यात विजेची गाडी सोडून गॅसकडे का वळावे? गागोद्यास राहून पनवेल, नवी मुंबई व मुंबई येथे ॲपवरून भाडी घेणारा एक चालक कल्पावा. त्याच्या लेखी हिवाळा म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, नाताळच्या सुट्टीतील अलिबाग-मुरुडचे पर्यटक आणि पहाटेच्या विमानांची भाडी. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यापासून या शेवटच्या प्रकारात भर पडणे स्वाभाविक आहे. तात्पर्य, शीत देशात हिवाळा गाडीचा पल्ला आखूड करतो. कोकणात तो दिवसाची मजल लांबवितो. कारणे परस्परांहून भिन्न आहेत, परिणाम मात्र एकच : मजल पल्ल्याबाहेर जाते.

हे आकड्यांनी पाहता येईल. सोयीसाठी असे धरू की गाडीच्या घटात २५ युनिट वीज मावते व एका युनिटमध्ये गाडी ७ किलोमीटर जाते. पूर्ण पल्ला १७५ किलोमीटर झाला. काही वीज हाताशी राखून ठेवल्यास वापरता येणारा पल्ला १५० च्या आसपास राहतो. पेणहून दक्षिण मुंबईस जाऊन परत येण्यासच सुमारे १५० ते १६० किलोमीटर होतात. म्हणजे एका लांब भाड्यानंतर वाटेत वीज भरणे आले. जलदभरण यंत्र मोकळे मिळाले तरी त्यास सुमारे तासभर लागतो, आणि हंगामात ते मोकळे मिळेलच असे नाही. उलटपक्षी गॅसच्या गाडीत ८ किलो वायू मावला व किलोमागे २५ किलोमीटर मिळाले, तर पल्ला २०० किलोमीटर होतो. शिवाय अशा बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकीही असते. गॅस संपला तरी गाडी अडत नाही. चालकाला जो निर्धास्तपणा हवा असतो तो येथे आहे.

आता खर्च. घरगुती वीज युनिटमागे १० रुपये धरल्यास किलोमीटरला सुमारे १ रुपया ४० पैसे पडतात. मुंबई परिसरात २०२५ साली सीएनजीचा भाव किलोमागे ८० रुपयांच्या आसपास होता. त्या हिशेबाने गॅसवर किलोमीटरला ३ रुपये २० पैसे लागतात. दीडशे किलोमीटरला हा फरक २६५ ते २७० रुपयांचा होतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. परंतु तीच वीज बाहेरच्या केंद्रावर २० रुपये दराने घेतली, तर किलोमीटरला २ रुपये ८५ पैसे पडतात व लाभ ३५ पैशांवर येतो. शिवाय भरण्यात गेलेल्या तासात एखादे बरे भाडे हुकले की दिवसाचा सारा लाभ बुडाला. विजेची गाडी स्वस्त खरी, पण ती घरच्या विजेवर आणि पल्ल्याच्या आत.

येथे भाषेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘चार्जिंग’ हे इंग्रजीत क्रियावाचक नाम होय. मराठी बोलीत मात्र ते क्रियेबरोबर पदार्थाचेही नाम झाले आहे. ‘चार्जिंग किती उरलं?’, ‘चार्जिंग संपलं’ ही वाक्ये ‘पेट्रोल संपलं’ ह्या वाक्याच्या साच्यात तयार झाली. साचा एकच असल्यामुळे दोन्ही वस्तूही सारख्याच असाव्यात असा भास होतो. वास्तविक पेट्रोल किंवा गॅस ओतून घेता येतो, चार्जिंग व्हावे लागते. ‘गॅस भरून आलो’ आणि ‘गाडी चार्जिंगला लावली आहे’ ह्या दोन प्रयोगांत हा भेद बोलीने आपण होऊन जपला आहे. पहिल्यात चालक कर्ता आहे, दुसऱ्यात तो वाट पाहणारा.

गॅसचा पक्षही निर्वेध मानू नये. मुंबईच्या टॅक्सी गॅसवर आल्या त्यामागे सोयीपेक्षा हवेच्या प्रदूषणाची चिंता व न्यायालयाचे आदेश अधिक होते. पुरविणारी केंद्रे थोडी असताना त्या काळी चालकांनी गॅससाठीही लांब रांगा लावल्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य वायुवाहिनीस इजा पोहोचल्यामुळे मुंबई परिसरातील पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा त्या रांगा पुन्हा दिसल्या. शिवाय ‘हिवाळ्यापुरता’ बदल हा कर्जावर गाडी घेतलेल्या चालकास बोलण्याइतका सोपा नाही. विजेची गाडी दारात उभी राहिली तरी तिचा हप्ता उभा राहत नाही. त्यावर गॅसच्या गाडीचे भाडे चढते. दोन-तीन महिन्यांच्या हंगामात हे दोन्ही भार उचलून काही शिल्लक राहील तरच तो बदल शहाणपणाचा.

तेव्हा गागोद्याच्या चालकाने दुसऱ्या देशातील अनुभव वाचून तापमापकाकडे पाहण्याचे कारण नाही. त्याने दोनच गोष्टी पाहाव्यात : रात्री घरी वीज भरण्याची खात्रीची सोय आहे काय, आणि हंगामातील रोजची मजल त्या एका भरण्याच्या पल्ल्यात बसते काय. दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल, तर गाडी बदलण्यात तोटाच आहे. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर प्रथम भाड्यांची निवड बदलावी व जवळची भाडी घेऊन पाहावे. तेही न साधल्यास मगच गाडी बदलण्याचा विचार करावा.