पोरगं चिल्काला गेलंय, फोन येत नाही

मैत्रिणींनो, नौदलात अग्निवीर म्हणून निवड झालेली मुलं-मुली आधी ओडिशात आयएनएस चिल्काला जातात. चिल्का सरोवराच्या काठचं हे प्रशिक्षण केंद्र. तिथं 16 आठवडे काढायचे. पहाटे उठणं, कवायत, पोहणं, वर्ग. मोबाइल हवा तेव्हा हातात मिळत नाही. म्हणून फोन आला नाही की पोरगं आजारी पडलं, असं लगेच धरू नका. जिला फोन येईल तिनं दुसरीला सांगावं. एकीच्या पोराची खुशाली कळली की दुसरीलाही घास गोड लागतो. पोरगं फोनवर रडलं तरी लगेच "परत ये" म्हणू नका, आधी ऐकून घ्या. आणि "मुलगा दवाखान्यात आहे, पैसे टाका" असा अनोळखी फोन आला, तर एकटीनं काही पाठवू नका. आधी केंद्रात विचारा.

पैशाचं मात्र बैठकीत उघड बोला. पहिल्या वर्षी पगार महिना 30,000. त्यातले 9,000 सेवानिधीत कापले जातात, हातात 21,000. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होतात, बाकीची साधारण 10 लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. तेव्हा अकॅडमीच्या फीसाठी काढलेलं गटाचं कर्ज आधी फेडा. या पगारावर दहा वर्षांच्या हप्त्याचं घर काढू नका बाई.

मुलीला पाठवलं म्हणून एखाद्या आईला टोमणे ऐकावे लागतात. तिच्या बाजूनं बोला. मार्च 2023 मध्ये चिल्काहून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्याच तुकडीत मुली होत्या, हे टोमणे मारणाऱ्यांना सांगा.