जुन्या जीपचें अस्सलपण

राहुरीकडे एखादी जुनी विलीज जीप विकावयास निघाली, तर तिच्या रंगाच्या चकाकीवर भुलूं नये. मुंबईस महिंद्र कंपनीनें ह्या गाड्या जुळविण्यास आरंभ केला. मूळचें इंजिन पेट्रोलचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें. पुढें खर्च वांचविण्यासाठीं पुष्कळांनीं त्या जागीं डिझेलचें इंजिन बसविलें. अशी गाडी शेताच्या कामास उत्तम. पण अस्सल म्हणून तिला चढा भाव देऊं नये.

टायर, बॅटरी हे झिजणारे भाग बदललेलेच असावयाचे. त्यांत उणेपणा नाहीं. पाहावयाचें तें चासी, इंजिन आणि बॉडी. चासी व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडावे. आंकड्यांभोंवतीं घांसल्याच्या खुणा दिसल्यास सौदा तेथेंच थांबवावा.

२०२१ च्या केंद्रीय नियमान्वयें पन्नास वर्षांहून जुनी, मोठा फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. परंतु अशी नोंद झाल्यावर ती नित्याच्या किंवा धंद्याच्या कामीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. म्हणून गाडी राबविण्यासाठीं हवी कीं जतन करण्यासाठीं, हें आधीं ठरवावें. अस्सलपणाचें मोल त्यावरच अवलंबून आहे.