भाषांतरकाराचा निम्मा वांटा

ता. २० मे २०२५ रोजीं लंडन येथील टेट मॉडर्न कलासंग्रहालयांत आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाचा निकाल जाहीर झाला आणि कर्नाटकांतील हासनच्या बानू मुश्ताक यांचें नांव जगभर गेलें. कन्नड पुस्तकास हा मान प्रथमच लाभला, आणि कथासंग्रहासहि प्रथमच. ‘हार्ट लॅम्प’ या संग्रहांत १९९० ते २०२३ या काळांत लिहिलेल्या बारा कथा आहेत. बाईंचा व्यवसाय वकिलीचा. दक्षिणेंतील मुसलमान कुटुंबांत स्त्रियांच्या वाट्याला जें येतें, तें त्यांनीं जवळून पाहिलेलें आहे.

हें सर्व वर्तमानपत्रांतून आलेंच. त्यामानानें थोडें बोललें गेलें तें रकमेविषयीं. पारितोषिक ५०,००० पौंडांचें. पैकीं २५,००० लेखिकेचे आणि २५,००० भाषांतरकर्त्या दीपा भास्ती यांचे. एका पैचाहि फरक नाहीं.

प्रारंभीं असें नव्हतें. २००५ सालीं हें पारितोषिक सुरू झालें तेव्हां तें दोन वर्षांतून एकदां, लेखकाच्या समग्र कार्याबद्दल दिलें जाई. लेखकास ६०,००० पौंड, आणि भाषांतरकारासाठीं निराळे १५,०००. पहिले मानकरी अल्बानियाचे इस्माइल कादारे. त्यांचें भाषांतरकार म्हणून डेव्हिड बेलॉस यांना गौरविण्यांत आलें. मौज अशी कीं, बेलॉस अल्बानियनवरून नव्हे, तर फ्रेंच भाषांतरांवरून इंग्रजी करीत. पुढें २०१६ पासून नियम बदलला. पारितोषिक दरवर्षीं, एकाच भाषांतरित पुस्तकास, आणि वांटणी समसमान. त्या वर्षीं कोरियन लेखिका हान कांग व भाषांतरकर्त्या डेबोरा स्मिथ यांची निवड झाली. स्मिथबाई कोरियन शिकूं लागून तेव्हां फार वर्षें झालीं नव्हतीं, आणि कोरियांतील जाणकारांनीं त्यांच्या चुका दाखवून दिल्याच. तरीहि त्याच भाषांतरानें हान कांग यांचें नांव इंग्रजी वाचकांपर्यंत पोंचविलें. २०२४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

निम्मा वांटा ही कोणास उदारता वाटेल. तो न्याय आहे. परीक्षक निवाडा करतात तो इंग्रजी पानावरून, आणि त्या पानावरील एकूण एक शब्द भाषांतरकारानें निवडलेला असतो. आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना इंग्रजीनें एकाच शब्दांत कोंबलें आहे. अशा भाषेंत दक्षिणेंतल्या घरांतली कुजबूज उतरवायची म्हणजे वाक्यावाक्याला निर्णय करावा लागतो. दीपाबाईंनीं कन्नड, उर्दू, अरबी असे कित्येक शब्द तसेच ठेवले. त्यांना तिरपा टाइप दिला नाहीं, कीं खालीं टीपा जोडल्या नाहींत. वाचक थोडा अडखळला तरी चालेल, पण घर परकें होतां कामा नये, अशी ही रीत आहे. आमच्याकडे भाषांतर म्हणजे परीक्षेंतील पांच गुणांचा प्रश्न, ही समजूत अद्याप गेलेली नाहीं.

आणखी एक अट आहे, आणि ती बारकाईनें पाहण्याजोगी आहे. पुस्तक ब्रिटन किंवा आयर्लंड येथें प्रसिद्ध झालेलें असावें लागतें. दिल्ली-मुंबईस कितीहि उत्तम इंग्रजींत छापलें, तरी तेवढ्यानें तें स्पर्धेंत बसत नाहीं. म्हणून लेखक व भाषांतरकार यांच्या जोडीला साहसी प्रकाशकहि हवा. आणि तो बहुधा लहानच असतो. ‘हार्ट लॅम्प’ काढणारी अँड अदर स्टोरीज ही संस्था शेफील्डची. गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी ‘रेत समाधि’ २०१८ सालीं निघाली. डेझी रॉकवेल यांचें इंग्रजी भाषांतर २०२१ मध्यें टिल्टेड ॲक्सिस या छोट्या संस्थेनें काढलें, आणि २०२२ सालीं त्यास हेंच पारितोषिक मिळालें. ही संस्था वर आलेल्या डेबोरा स्मिथ यांनींच २०१५ सालीं स्थापिली होती. एका भाषांतरकर्तीनें उघडलेल्या दारानें हिंदी आंत गेली.

मराठीचें नांव २०२५ अखेरपर्यंतच्या विजेत्यांत नाहीं. येथें चांगलीं पुस्तकें नाहींत असें नव्हे. परंतु इंग्रजींत जाईपर्यंत तीं वयस्क होतात. दया पवार यांचें ‘बलुतं’ १९७८ सालीं निघालें. तें आत्मकथन असल्यामुळें कथा-कादंबऱ्यांच्या या स्पर्धेचा प्रश्न तेथें येत नाहीं. पण वाट किती लांबते तें त्यावरून कळतें. जेरी पिंटो यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर २०१५ मध्यें आलें, म्हणजे ३७ वर्षांनीं. पवार १९९६ सालींच निवर्तले होते.