तालीम आणि धूळ

'तालीम' हा शब्द मराठीत अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ शिक्षण. आपल्याकडे मात्र कुस्तीचा आखाडाही तालीम आणि नाटकाची रंगीतही तालीमच. लष्करी हेलिकॉप्टरांच्या सरावाविषयी वाचताना मला हा शब्द हटकून आठवतो.

हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. ते हवेत एका जागी थांबते, दोरावरून जवान उतरवते, जखमींना उचलून आणते. इंजिन बंद पडले तरी खाली येताना लागणाऱ्या वाऱ्याने त्याची पाती फिरत राहतात आणि कसबी वैमानिक ते सुखरूप टेकवू शकतो. सरावात हे कसब घोटून घेतले जाते.

मर्यादाही या पात्यांपाशीच आहेत. तापलेली किंवा उंचावरची हवा विरळ असते. तिथे पात्यांना पुरेसा आधार मिळत नाही, म्हणून ओझे कमी करावे लागते. रेताड जागी उतरताना पात्यांच्या झोताने अशी धूळ उठते की वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते.

इराणमधील ओलिसांना सोडवण्यासाठी २४ एप्रिल १९८० रोजी अमेरिकेची आठ हेलिकॉप्टरे 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावरून निघाली. त्याआधी काही महिने अमेरिकेतल्या वाळवंटात सराव झाला होता. वाटेत एकाच्या पात्यात बिघाडाची सूचना मिळाली, ते तिथेच सोडावे लागले. दुसरे हवेतल्या बारीक धुळीमुळे माघारी फिरले. तिसरे मुक्कामी पोहोचले, पण त्याची हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली होती. पुढे जायला किमान सहा हवी होती, उरली पाच. मोहीम रद्द झाली. परतीच्या तयारीत, रात्री, धुळीच्या लोटात एक हेलिकॉप्टर इंधन आणणाऱ्या विमानावर आदळले. आठ जण मृत्युमुखी पडले.

ॲडमिरल हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तुकड्यांनी आपापला सराव केला होता, पण गुप्ततेपायी सगळ्यांची मिळून एकही संपूर्ण तालीम झाली नव्हती, हे तीत स्पष्ट झाले. नटांनी आपापले संवाद घरी पाठ केले आणि एकमेकांना भेटले ते थेट प्रयोगाच्या रात्री, असेच हे झाले.

आपल्या नाशिक रोडलाही लष्करी वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आहे. त्या बाजूला गेलो की डोक्यावरची घरघर नकोशी वाटायची. आता मान वर करून पाहतो आणि मनात म्हणतो, बाळांनो, काय चुकायचे ते इथेच चुकून घ्या.