पॉलिमर म्हणजे केवळ प्लास्टिक नव्हे

रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबात लग्न ठरले, की खरेदीच्या यादीत पैठणीच्या खालोखाल कोसा साडी येते. चांपा-कोरबा भागातले हे रेशीम म्हणजे छत्तीसगडची शान. साडी उलगडताना विक्रेता ग्वाही देतो की यात प्लास्टिकचा एकही धागा नाही. ते खरे असू शकते. पण त्या साडीत पॉलिमर नाही, असे कुणी म्हणाले तर ते साफ चूक ठरेल. कोशाचा धागा प्रथिनाचा असतो आणि प्रथिन हे पॉलिमरच होय. शेजारी टांगलेली पॉलिएस्टरची साडीही पॉलिमरच. पहिला धागा ऐन-अर्जुनाची पाने खाणाऱ्या अळीचा, दुसरा खनिज तेलापासून कारखान्यात तयार झालेला, एवढाच काय तो फरक.

हा फरक घरीही ओळखता येतो. पदराचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर वितळते व त्याची टणक गुठळी होते (ती गार होईपर्यंत हात लावू नका). उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासावेत, कारण एक अस्सल आणि दुसरा भेसळीचा असू शकतो.

नाव पदार्थाचे नव्हे, रचनेचे

लोखंड, मीठ, पाणी ही पदार्थांची नावे आहेत. पॉलिमर हे तसे नाव नाही. नुसते 'साखळी' म्हटल्याने ती सोन्याची की पितळेची हे कळत नाही, तसेच हे. एकच छोटा रेणू किंवा एकाच घराण्यातले छोटे रेणू शेकडो-हजारो वेळा एकमेकांना जोडले गेले, की जी लांब साखळी बनते तिला पॉलिमर म्हणतात. मराठी विज्ञानग्रंथांत यासाठी 'बहुवारिक' असा शब्द आहे.

रायपूरजवळच्या भिलाईत १९५९ पासून पोलादाचा कारखाना आहे. पोलाद हा मिश्रधातू. लोखंडात कार्बन किती, इतर धातू किती, यावर त्याचा गुण ठरतो. पॉलिमरमध्ये मात्र काय मिसळले यापेक्षा काय, कसे आणि किती लांबवर जोडले, याला महत्त्व असते. मेणबत्ती आणि दुधाची पॉलिथिनची पिशवी घ्या. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनच. मेणाच्या रेणूत साधारण वीस ते चाळीस कार्बन अणू, तर पिशवीच्या रेणूत हजारो. तेवढ्यानेच मेण नखाने खरवडले जाते आणि पिशवी ताणली तरी सहजी तुटत नाही.

जोडणीची गंमत तर ताटातच आहे. भातातले स्टार्च आणि भाताच्या पेंढ्यातले सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फक्त कडी अडकवण्याची तऱ्हा निराळी. म्हणून भात आपल्याला पचतो, पेंढा पचत नाही. गाय तो पचवते, तेही पोटातल्या सूक्ष्म जंतूंच्या भरवशावर.

'पॉलिमर' हा शब्द स्वीडनच्या बर्झेलियसने १८३३ मध्ये काढला, पण थोड्या वेगळ्या अर्थाने. लांब साखळीची कल्पना जर्मनीच्या हेर्मान स्टाउडिंगरने १९२० मध्ये मांडली, तेव्हा इतका मोठा रेणू असूच शकत नाही, असे म्हणून भल्याभल्यांनी ती उडवून लावली. १९५३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

लाखेची पर्यायी वस्तू

या कथेत छत्तीसगडच्या जंगलाचाही दूरचा संबंध आहे. कुसुम, पळस, बोर या झाडांवरचे किडे लाख तयार करतात. बांगड्यांना लागते तीच ही लाख. तिचे रेणूही जोडलेलेच, मात्र प्लास्टिकच्या मानाने साखळी फार तोकडी. विजेचा वापर वाढला तशी रोधक म्हणून लाखेची मागणी वाढली आणि ती बहुतांशी भारतातून जाई. तिला पर्याय शोधताना अमेरिकेत लिओ बेकलंडने १९०७ मध्ये बेकेलाइट बनवले. पूर्णपणे कृत्रिम असे हे पहिले प्लास्टिक.

कुकरची काळी मूठ बहुधा बेकेलाइटच्याच जातीची असते. तिच्यातल्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे ती पुन्हा वितळत नाही. बादलीतल्या साखळ्या मोकळ्या, म्हणून ती वितळवून नवी वस्तू करता येते. कबाडीवाला फुटकी बादली घेतो आणि मूठ परत करतो, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे!

आणि प्लास्टिक म्हणजे तरी निव्वळ पॉलिमर कुठे असते? त्यात रंग, भुकटी, मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळलेली असतात. नव्या रेनकोटचा उग्र वास बहुधा त्यांचाच असतो.

हिवाळ्यात पहाटे पेटणाऱ्या शेकोट्यांत वाळक्या पानांबरोबर वायरीचे तुकडे आणि जुने रेक्झिनही टाकले जाते. सगळा कचराच, असे समजून लोक शेकत बसतात. पान जळते ते सेल्युलोज. वायरीचे आवरण बहुधा पीव्हीसीचे, ज्याच्या पॉलिमरमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो डोळ्यांच्या आणि घशाच्या ओलाव्यात आम्ल बनवतो. शिवाय डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्येही तयार होऊ शकतात. धूर पानांचाही चांगला नाहीच, पण तांब्यासाठी कुणी वायर जाळत असेल तर तिथे मुलांना क्षणभरही उभे राहू देऊ नका.