द्राक्षवेलीचें परकें मूळ

नाशिक, सांगली, सोलापूर, पुणें या बाजूच्या बागाइतदारांस नवी द्राक्षबाग लावावयाची असली म्हणजे ते बहुधा प्रथम द्राक्ष लावीत नाहींत. ते लावितात तो एक रानटी खुंट. तो जमिनींत रुजून जोमास आला म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर थॉमसन, सोनाका किंवा तास-ए-गणेश यांची काडी भरितात. या खुंटांपैकीं आपल्याकडे फार पसरलेला म्हणजे 'डॉगरिज'. हा शब्द बागाइतदारांच्या रोजच्या तोंडांतला आहे. परंतु तें एका टेकाडाचें नांव आहे, तें टेकाड अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत बेल परगण्यांत आहे, आणि तशाच रानवेलींच्या आश्रयानें फ्रान्स देशाचा सर्व द्राक्षधंदा बुडतां बुडतां वांचला, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असेल. ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण तींत केवळ करमणूक नाहीं, तर प्रत्येक कलम लावणाऱ्यानें ध्यानांत धरावें असें पुष्कळ आहे.

फ्रान्सांत द्राक्षें मुख्यतः मद्यासाठीं पिकवितात. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत तेथील लक्षावधि कुटुंबें याच एका पिकावर पोसलीं जात होतीं. १८५० च्या सुमारास त्या मळ्यांवर भुरी पडली. ती अमेरिकेंतून आलेली, तेव्हां अमेरिकेच्या वेलींस तिची बाधा कमी होते, हें लोकांच्या नजरेस आलें. भुरीवर गंधकाची भुकटी गुणकारी ठरली खरी. तथापि 'इझाबेला' वगैरे अमेरिकन वेली हौसेनें व परीक्षेसाठीं आणविण्याचा प्रघात पडला. पूर्वी शिडाच्या जहाजास समुद्र ओलांडावयास इतके दिवस लागत, कीं मुळांबरोबर आलेली कीड वाटेंतच मरून जाई. आगबोटींनीं ते दिवस कमी केले, आणि रोपांबरोबर कीडही जिवंत उतरूं लागली, असें जाणते लोक समजतात.

१८६३ सालीं दक्षिण फ्रान्सांत ऱ्होन नदीच्या कांठीं प्यूजो गांवीं कांहीं वेली अकारण सुकूं लागल्या. पुढच्या वर्षीं त्यांच्या शेजारच्या सुकल्या, आणि कागदावर तेलाचा डाग पसरावा तसा हा रोग मळ्यामळ्यांतून पसरत चालला. पानें अवकाळीं पिवळीं पडावीं, घड कच्चेच राहावे, आणि दोन-तीन वर्षांत वेल वाळून जावी. शेतकरी मेलेली वेल उपटून पाही, तों मुळें काळीं व कुजलेलीं. परंतु कीड म्हणाल तर एकही नाहीं. मग कोणी थंडीस दोष देई, कोणी जमीन थकली म्हणे, कोणी दैवाचा कोप म्हणे.

१८६८ सालच्या जुलै महिन्यांत मोंपेलिये येथील कृषिसभेनें तिघांचें एक मंडळ पाहणीस पाठविलें. त्यांत प्लांशों नांवाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते, आणि बाझिय व साहुत हे द्राक्षविद्येंतले जाणते होते. सेंरेमी गांवच्या मळ्यांत त्यांनीं मेलेल्या वेलीबरोबर तिच्या शेजारची, वरून हिरवीगार दिसणारी वेलही उपटली. तिच्या मुळांवर पिवळसर, सुईच्या टोंकाएवढ्या किड्यांचे थवेच्या थवे चिकटलेले होते. भिंगांतून पाहतां ते मुळांचा रस शोषीत आहेत असें स्पष्ट झालें. हा किडा वेल मरावयाच्या आधींच तिला सोडून जिवंत वेलीकडे जातो, म्हणून मेलेल्या वेलीखालीं तो कोणास सांपडला नव्हता. पांच वर्षें सर्व देश प्रेत तपासीत होता. रोगी कोणीं तपासला नाहीं! या किड्यास पुढें 'फिलॉक्झेरा' या नांवानें ओळखूं लागले.

किडा सांपडला तरी वाद मिटला नाहीं. पॅरिसच्या कित्येक पंडितांचें म्हणणें असें, कीं वेल आधीं अशक्त होते व मग कीड लागते. किडा हें रोगाचें कार्य, कारण नव्हे. हा वाद वर्षानुवर्षें चालला, आणि तितका काळ कीड मात्र कोणासाठीं थांबली नाहीं. अमेरिकेंत मिसुरी संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ रायली यांनीं ताडून पाहिलें, तेव्हां फ्रान्सच्या मुळांवरील किडा व अमेरिकन वेलींच्या पानांवर गांठी करणारा किडा हे एकच, असें ठरलें. १८७३ सालीं प्लांशों स्वतः अमेरिकेस जाऊन आले. तेथें त्यांनीं पाहिलें, कीं किडा तेथें पूर्वापार आहे, तथापि रानवेली सुखानें वाढत आहेत. युरोपच्या वेलीच्या मुळास किडा डसला म्हणजे तेथें सूज येते, त्या जखमेंतून बुरशी शिरते व मूळ कुजतें. कित्येक अमेरिकन जातींची मुळें मात्र डसलेल्या जागेखालीं बुचासारखा थर धरून जखम भरून काढितात. शत्रु व त्याचा उतारा हे दोन्ही एकाच देशांत एकत्र वाढलेले होते.

इकडे उपायांचा पाऊस पडत होता. १८७४ सालीं फ्रेंच सरकारनें खात्रीचा उपाय सांगणारास तीन लक्ष फ्रँकांचें बक्षीस लाविलें, तेव्हां शेकडों सूचना आल्या. वेलीखालीं जिवंत बेडूक पुरावा, इथपर्यंत लोकांची कल्पना गेली. चाललेले उपाय तीनच. ज्याचा मळा नदीकांठीं सपाटीवर, त्यानें हिवाळ्यांत सुमारें ४० दिवस पाणी कोंडून किडे बुडवावे. ज्याची जमीन समुद्रकांठची निव्वळ वाळूची, तेथें किडा आपोआप टिकत नाहीं. बाकीच्यांनीं कार्बन बायसल्फाइड हें औषध पिचकारीनें जमिनींत घालावें. हें औषध विषारी, चटकन् पेट घेणारें व महाग, आणि तें दरवर्षीं घालावें लागे. तें श्रीमंतांस परवडलें. ज्याचा निर्वाह चार-दोन एकरांवर, त्याचा मळा गेला. कित्येक कुटुंबें गांव सोडून अल्जीरियांत जाऊन राहिलीं. १८७५ सालीं फ्रान्सांत सुमारें ८ कोटि ४५ लक्ष हेक्टोलिटर मद्य झालें होतें. १८८९ सालीं तें सुमारें २ कोटि ३४ लक्षांवर आलें. पीक एवढें बुडालें म्हणजे घरोघर काय झालें असेल, हें ज्यानें एकदां गारपिटींत बाग गमाविली आहे त्यास सांगावयास नको.

खरा उपाय या सर्वांहून साधा होता. बोर्दो येथील लालिमां यांनीं १८६९ सालींच सांगितलें होतें, कीं माझ्या बागेंत आमच्या वेली मरतात, पण अमेरिकन वेली हिरव्या राहतात. तेव्हां मूळ अमेरिकेचें घ्यावें आणि त्यावर काडी आपली भरावी, हा विचार पुढें आला. आपल्याकडे रायवळ कोयीवर हापुसाचें कलम बांधणारास यांत नवल नाहीं. परंतु तेथील कुलीन मळेवाल्यांस हें मोठें अपमानकारक वाटलें. परक्या मुळानें द्राक्षाची चव बाटेल, असें त्यांचें म्हणणें. औषधवाले व अमेरिकावाले असे देशांत दोन पक्षच झाले. बर्गंडी प्रांतांत तर १८८७ पर्यंत अमेरिकन वेल लावण्यास बंदी होती. पण फळाचा जातिगुण काडीबरोबर येतो. खुंट मुख्यतः पाणी, क्षार व जोम पुरवितो. हें अनुभवानें पटलें तेव्हां कलमें सर्वत्र पसरलीं. बक्षीस मात्र कोणासच मिळालें नाहीं. लालिमांनीं मागितलें, तर उत्तर मिळालें, कीं तुम्हीं कीड मारली नाहीं, तिच्याबरोबर राहावयास शिकविलें.

अजून एक विघ्न उरलें होतें. आरंभीं आणलेल्या अमेरिकन खुंटांपैकीं पुष्कळ चुनखडीच्या जमिनींत पिवळे पडून खंगूं लागले. कोन्याक भागाच्या खडूसारख्या पांढऱ्या जमिनींत तर ते टिकतच ना. म्हणून १८८७ सालीं व्हियाला नांवाचे अध्यापक चुन्याच्या जमिनींत वाढणारी रानवेल शोधावयास अमेरिकेस गेले. टेक्सासांत डेनिसन गांवीं मन्सन नांवाचे एक गृहस्थ रोपवाटिका चालवीत व रानोमाळ हिंडून रानटी द्राक्षें जमवीत. त्यांनीं व्हियालांस आपल्या संस्थानांतील चुनखडीच्या टेकड्यांवर आपोआप वाढणाऱ्या वेली दाखविल्या. त्यांपैकीं 'बेरलांडिएरी' जातीच्या काडीस मुळें सहज फुटत नाहींत. म्हणून सहज रुजणाऱ्या दुसऱ्या जातींशीं तिचा संकर करून नवे खुंट निर्माण केले. आज आपल्या बागांत '११० आर' म्हणून जो खुंट लावितात, तो याच जातीच्या संकराचा. डॉगरिजची निवडही याच मन्सन यांची. फ्रेंच सरकारनें १८८८ सालीं त्यांस मानाचें पदक देऊन गौरविलें.

या देवघेवीचें आणखी एक फळ आपण दर पावसाळ्यांत वापरतों. खुंटांसाठीं आणलेल्या अमेरिकन वेलींबरोबर १८७८ च्या सुमारास केवडा रोग फ्रान्सांत शिरला. बोर्दोजवळच्या एका गांवीं वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेलींचीं पानें तेवढीं शाबूत राहिलेलीं मियार्दे या अध्यापकांनीं पाहिलीं, आणि १८८५ सालीं बोर्डो मिश्रण जगास मिळालें.

आपल्याकडे हे खुंट फिलॉक्झेराच्या भयानें आले नाहींत. अवर्षण, विहिरींचें खारें पाणी व चोपण होत चाललेली जमीन यांत आपल्या मुळावरची द्राक्षवेल तग धरीना, म्हणून ते आले. तरी बोध तोच लागू आहे. एकाच्या शेतांत चालला म्हणून खुंट दुसऱ्याच्या शेतांत चालेलच असें नाहीं. कोन्याकच्या शेतकऱ्यास तो धडा फार महाग पडला. तसेंच एकदां बसलेला खुंट कायमचा निर्भय असें मानणें धोक्याचें. कॅलिफोर्नियांत एक जोमदार संकरित खुंट सर्वत्र लाविला होता. त्याचें अर्धें रक्त युरोपच्या वेलीचें होतें. १९८० नंतर तेथें त्यावर फिलॉक्झेरा चढला आणि हजारों एकर बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या.

तेव्हां आमची वाचकांस विनंती एवढीच आहे. बाग लावण्यापूर्वी जमिनीतला चुना व पाण्यांतले क्षार तपासून घ्यावे, आणि रोपवाटिकेंत काडीच्या जातीबरोबर खुंटाची जातही विचारावी. काडीची चौकशी सर्व करितात. खुंटाची चौकशी करणारे थोडे. परदेशाहून कोणी नातलग चार काड्या सामानांत दडवून आणूं म्हणेल, तर त्यास स्पष्ट नाहीं म्हणावें. २००३ च्या वनस्पति संगरोध आदेशानें परवानगीवांचून तसें आणण्यास मनाई आहे, आणि फ्रान्सचें सर्व संकट अशाच निरुपद्रवी दिसणाऱ्या कांहीं रोपांनीं आलें. शेवटीं, वेल सुकूं लागली तर मेलेली उपटून थांबूं नये. तिच्या शेजारची, अजून हिरवी दिसणारी वेलही खणून पाहावी. रोगाचें खरें कारण बहुधा तेथेंच बसलेलें असतें.