मूस हरणाच्या हाडांचे दप्तर

या व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही हमालांच्या प्रश्नावर बोलू, अशीच त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळवला तो अमेरिकेतील एका प्राणिशास्त्रज्ञाचा. चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे वाचनालयाच्या आणि शब्दकोशाच्या आधाराने झालेले. तेव्हा त्यांची शंका रास्तच होती. पण हा विषय आमच्याकडे आला तो हमालांच्याच वाटेने.

काही वर्षांपूर्वी धान्यबाजारातला एक हमाल युनियनच्या कचेरीत आला. वय पन्नाशीचे, दोन्ही खुबे धरलेले, जिना चढताना कठड्याला लोंबकळत वर आला. नुकसानभरपाईचा अर्ज लिहून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, पोती तर आम्ही सगळ्यांनीच उचलली. माझ्या जोडीचा गडी अजून फळीवरून चढतो. मग माझेच खुबे का गेले?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे एका डॉक्टर स्नेह्याला आम्ही हेच विचारले, तेव्हा त्याने २०१० सालचा एक इंग्रजी निबंध आमच्या हातात ठेवला. निबंध संधिवातावर होता. पण माणसाच्या नव्हे, मूस नावाच्या हरणाच्या. लिहिणाऱ्यांत पहिले नाव होते रॉल्फ पीटरसन यांचे.

मूस म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर. आपले सांबर त्याच्यापुढे लहान दिसेल. नराचे वजन चारशे किलोच्या पुढे जाते, शिंगे फावड्यासारखी पसरट, पाय लांबच लांब, आणि गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पिशवी. थंड मुलखातले हे जनावर उन्हाळ्यात पाला आणि तळ्यातल्या पाणवनस्पती खाते. हिवाळ्यात मात्र त्याला झाडांच्या काटक्या आणि फर वृक्षाची पालवी यांवर दिवस काढावे लागतात. हिवाळ्यातल्या अन्नात कस थोडा, म्हणून अंगावरची चरबी जाळून ते वसंत गाठते. गाठले तर.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर नावाचे समुद्रासारखे सरोवर आहे. त्यात आयल रॉयल हे सुमारे सत्तर किलोमीटर लांबीचे बेट. विसाव्या शतकाच्या आरंभी मूस तेथे पोचले, बहुधा पोहत. खाणारा कोणी नव्हता, तेव्हा कळप वाढला. १९२९ व १९३० साली अ‍ॅडॉल्फ म्युरी या अभ्यासकाने बेट पाहिले आणि झाडे ओरबाडून निघाली आहेत, हे असे चालायचे नाही, असा इशारा दिला. थोड्याच वर्षांत मूस उपासमारीने पटापट मेले. नंतर १९४० ते ५० या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून लांडगे चालत आले. बेट राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे तेथे शिकारीला बंदी. म्हणजे एका बाजूला मूस, दुसऱ्या बाजूला लांडगा, आणि मध्ये माणसाची बंदूक नाही. हिशेब मांडायला अशी जागा जगात क्वचितच सापडेल. १९५८ साली पर्ड्यू विद्यापीठाचे डरवर्ड अ‍ॅलन यांनी तो मांडायला सुरुवात केली. त्यांच्या मनात दहा वर्षांची पाहणी होती.

पीटरसन मिनेसोटा विद्यापीठाच्या डलूथ येथील शाखेतून पदवी घेऊन १९७० साली अ‍ॅलन यांचे विद्यार्थी म्हणून या बेटावर उतरले. चार वर्षांत डॉक्टरेट झाली. एरवी असा मनुष्य दुसरा विषय आणि दुसरे गाव शोधतो. हे मात्र १९७५ साली हौटन येथील मिशिगनच्या तंत्रविद्यापीठात नोकरीस लागले, अ‍ॅलन निवृत्त झाल्यावर पाहणीची धुरा त्यांनी घेतली, आणि अर्धशतक त्याच बेटावर जात राहिले. हौटन हे नाव आम्हाला आधीपासून ठाऊक होते. त्या भागातील तांब्याच्या खाणींत १९१३ साली मोठा संप झाला, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी जवळच्या कॅल्युमेट गावी संपकऱ्यांच्या मेळाव्यात चेंगराचेंगरी होऊन ७३ माणसे मेली. त्यांत बहुतेक मुले होती. असो. विषय मूसांचा आहे.

त्यांच्या कामाचे दोन हंगाम. हिवाळ्यात उद्यान लोकांना बंद असते; त्या दिवसांत सात आठवडे लहानशा विमानातून घिरट्या घालायच्या आणि बर्फावरचे मूस व लांडगे मोजायचे. विमानाला चाकांऐवजी घसरपट्ट्या, कारण उतरायचे गोठलेल्या पाण्यावर. उन्हाळ्यात ते पत्नी कँडी यांच्यासह कोळ्यांच्या एका जुन्या खोपटात राहत. मुलेही तेथेच उन्हाळे काढत वाढली. तेव्हा काम पायांचे. रान तुडवायचे, मेलेले मूस शोधायचे, आणि कवटी, जबडा, पायाचे हाड असे पाठीवर बांधून किनाऱ्यापर्यंत आणायचे. १९८८ पासून स्वयंसेवकही या कामाला येऊ लागले, आणि तेही पदरचे पैसे भरून! आमच्या माथाडी बंधूंना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले.

वर्तमानपत्रांना लांडग्याचे कौतुक अधिक, आणि पीटरसन यांचे नावही लांडग्यांच्याच बातम्यांत छापून येते. आमच्या मते त्यांची खरी पुंजी म्हणजे मूसांच्या हाडांचा तो साठा. दात कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखे थर दिसतात. ते मोजले की वय कळते. मांडीच्या हाडातली मज्जा घट्ट आणि पांढरी असेल तर जनावर पोटभर खाऊन होते. लालसर आणि पातळ असेल तर उपाशी. जबडा सडलेला असेल तर चावणे जमत नव्हते. दातांत शिसे आणि पारा किती उतरला हेही तपासले गेले. पेट्रोलमधले शिसे कमी केल्यानंतरच्या काळातील दातांत ते उतरलेले दिसले. जेथे मोटारीचा रस्ता नाही अशा बेटावरच्या हरणाच्या तोंडात शहरातल्या मोटारींचा धूर सापडावा, ही गोष्ट बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारांनी ऐकून ठेवण्यासारखी आहे.

आता आमच्या हमालाच्या प्रश्नाकडे येऊ. म्हाताऱ्या मूसांच्या खुब्यांत संधिवात सर्रास आढळे. असे जनावर लांडग्याला सोपे सावज. पण सगळ्याच म्हाताऱ्यांना तो नव्हता. मूसांत तर कोणी पोती उचलत नाही आणि कोणी गादीवर बसत नाही. सगळ्यांचे काम एकच. मग फरक कशाचा? पीटरसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हजाराहून अधिक सांगाड्यांची तपासणी करून एका हाडाची लांबी पाहिली. मागच्या पायाचे, खुराच्या वरचे हे लांब हाड आपली वाढ लहानपणीच पुरी करते. पुढे कितीही चारा मिळाला तरी ते वाढत नाही. म्हणजे ते त्या जनावराच्या बालपणाचे रेशनकार्डच. ज्यांचे हाड आखूड, त्यांना म्हातारपणी संधिवात अधिक. आणि कळप फार वाढून अन्न अपुरे पडले अशा काळात जन्मलेल्या मूसांत हा रोग जास्त होता. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत झालेली उपासमार दहा वर्षांनी खुब्यात उतरत होती.

हे वाचले त्या रात्री आम्ही युनियनचे सभासद रजिस्टर काढले. त्या हमालाचे जन्मसाल १९७२. आमचेही तेच. मराठवाड्यातल्या घरांत बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगावी लागत नाही: खडी फोडायला गेलेल्या गरोदर बाया, सुकडी, आणि अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी. एका रजिस्टरवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे आम्हाला कळते. परंतु माणसाच्या बाबतीतही हा विचार नवा नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांची मुले यांची पाहणी चालवली, ती याच मुळाशी जाण्यासाठी. त्यांचा रोख मधुमेहाकडे होता.

येथे कोणी हुशार वकील उठून म्हणेल, "पाहा, हमालाचे खुबे दुष्काळाने गेले, मालकाचा काय दोष?" हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आहे, कारण तो उद्या समोरून येणारच. ज्याचा सांधा लहानपणीच कच्चा राहिला, त्याच्या पाठीवर क्विंटलचे पोते देणे हे धडधाकट माणसाच्या पाठीवर देण्यापेक्षा अधिक घातक आहे, कमी नव्हे. मूसाला लांडगा मारतो तो संधिवातामुळे सापडतो म्हणून; त्यामुळे लांडग्याने मारलेच नाही असे कोणी म्हणत नाही. भरपाईच्या त्या अर्जाचा निकाल मात्र विरुद्ध गेला. कारण लिहिले होते, "वयोमानानुसार झीज."

पीटरसन यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली, आणि ती पाहणी दहा वर्षांनी थांबली असती तर लागली नसती. निसर्गात समतोल असतो, लांडगा आणि मूस एकमेकांना बेताने राखतात, असे सर्वांना वाटत होते. आकड्यांनी ते खोटे पाडले. १९८० साली लांडगे ५० होते. कुत्र्यांचा पार्वो विषाणू बेटावर आला आणि १९८२ साली १४ उरले. लांडगे घटले, मूस वाढत गेले, फरची रोपे वर येईनाशी झाली. झाडांच्या खोडातील कड्यांतही ते उमटले. १९९५ साली मूस सुमारे २,४०० झाले. पाठोपाठ कडक हिवाळा, रक्त शोषणाऱ्या गोचिडांचा कहर आणि अपुरे अन्न. १९९७ साली उरले सुमारे ५००. कोणतीही पाच वर्षे उचला, ती आधीच्या पाच वर्षांसारखी नाहीत. आमच्याकडे तीन महिन्यांची पाहणी करून कामगारांच्या राहणीमानावर अहवाल देणाऱ्या समित्या येतात, त्यांना आम्ही हे आकडे दाखवतो.

पुढे आपसांतच जुळल्यामुळे लांडग्यांचा वंश खंगला आणि २०१६ पर्यंत दोनच राहिले. बाहेरून लांडगे आणावेत असे पीटरसन आणि त्यांचे सहकारी जॉन व्ह्युसेटिच सांगत राहिले. रानात माणसाने हात घालू नये, असे म्हणणाराही मोठा पक्ष होता, आणि त्यांतली काही माणसे रानावर मनापासून प्रेम करणारी होती. आम्हाला पीटरसन यांचे म्हणणे पटते. सरोवराचे गोठणे कमी झाले म्हणून लांडग्यांची वाट तुटली, आणि हवा तापवण्यात माणसाचा हात आधीच होता. अखेर २०१८ आणि २०१९ मध्ये १९ लांडगे आणून सोडले. तेव्हा मूस दोन हजारांच्या घरात होते; २०२४ च्या मोजणीत सुमारे ८४० भरले.

२०२१ साली कोविडच्या साथीमुळे हिवाळी मोजणी प्रथमच चुकली. २०२४ साली बर्फ पातळ पडल्याने ती अर्ध्यावर आवरावी लागली. लांडगे परतल्यानंतर, कळप विरळ होऊ लागल्यावर जी वासरे जन्मली, त्यांच्या वाट्याला पाला अधिक आला असेल. त्यांच्या पायाचे हाड लांब भरते का हे पाहायला अजून पुष्कळ उन्हाळे जावे लागतील, कारण हाड हाती येते ते जनावर मेल्यावरच.